आतली धग कमी करताना: दीर्घकालीन दाह रोखणारं जेवण आणि दिनक्रम, पायरीपायरीने

गेल्या वर्षी माझ्या रक्ताच्या रिपोर्टवर डॉक्टरांनी एका आकड्याभोवती गोल केला: एचएस-सीआरपी, म्हणजे शरीरातला दाह दाखवणारी चाचणी, ४.२. ताप नाही, सांधे दुखत नाहीत, कपडेही तेच बसतात. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गेल्या पंधरा दिवसांत सर्दी-खोकला झाला होता का?" झाला होता. मग तीन आठवडे थांबून पुन्हा रक्त दिलं, तेव्हा ३.६ आला. म्हणजे सर्दीचा वाटा थोडाच होता, बाकीचं आधीपासूनच शरीरात मुरलेलं होतं.

त्यानंतर वर्षभर जे वाचलं, विचारलं आणि स्वतःच्या ओट्यावर करून पाहिलं, ते इथे क्रमाने लिहिते. हा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात, म्हणजे हळदीच्या गोळ्या मागवतात आणि तेल, साखर, झोप जिथल्या तिथे राहते.

दाह म्हणजे नेमकं काय

दाह म्हटलं की आपल्याला छातीतली जळजळ आठवते, नाहीतर पित्त, नाहीतर "उष्णता वाढली." इथला दाह तो नव्हे. पायात काटा मोडला की भोवतीची जागा लाल होते, गरम लागते, सुजते आणि ठणकते. सेल्सस या रोमन लेखकाने दोन हजार वर्षांपूर्वी हीच चार लक्षणं नोंदवली होती. ही सूज आपल्या भल्याची असते. पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात, जंतू मारतात, जखम भरते आणि चार दिवसांत सगळं शांत होतं.

दीर्घकालीन दाहात हीच यंत्रणा मंद आचेवर वर्षानुवर्षं चालू राहते. ती बाहेरून दिसत नाही आणि दुखतही नाही. पोटाच्या आतल्या अवयवांभोवती साठलेली चरबी तिचं मोठं उगमस्थान. चरबी म्हणजे नुसता साठा नाही, तिच्यातून टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-६ अशी रसायनं रक्तात सुटतात. ती यकृतापर्यंत पोचली की यकृत सीआरपी नावाचं प्रथिन बनवतं, आणि रक्तात आपण मोजतो ते हेच. या रसायनांमुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, रक्तवाहिन्यांचं अस्तर खराब होतं.

२०१७ साली कँटोस नावाच्या चाचणीचा निकाल आला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून जास्त लोकांना त्यात घेतलं होतं. काहींना फक्त दाह कमी करणारं औषध दिलं, कोलेस्टेरॉलवर त्याचा परिणाम नव्हता, तरीही योग्य मात्रेत हृदयविकाराच्या घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. पण ते औषध महाग, आणि त्याने जीवघेण्या संसर्गाचा धोकाही वाढला. त्यामुळे दाह हा खऱ्या गुन्हेगारांपैकी एक आहे हे सिद्ध झालं, तरी तुमच्या-माझ्यासाठी उपाय ताटात आणि दिनक्रमातच शोधावा लागतो.

पायरी १: वजनकाटा नको, टेप घ्या

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली 'द लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. मात्र अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ती ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपल्याकडची माणसं हातापायांनी बारीक असतात आणि चरबी पोटात लपवतात, हे यापेक्षा सोप्या रीतीने कुणी दाखवलेलं मला माहीत नाही. म्हणून "माझं वजन बरोबर आहे" यावर विसंबू नका.

शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या. सकाळी चहाच्या आधी, पोटावरचा कपडा बाजूला करून उभं राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं वरचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप आडवी धरा. श्वास नेहमीसारखा सोडा, पोट आत ओढू नका, टेप रुतू देऊ नका, आणि मोजा. भारतीयांसाठी पुरुषांचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. दुसरा सोपा नियम असा: घेर उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. माझी उंची १५६ आणि घेर ८९ होता. त्या दिवशी कळलं की रिपोर्टातला आकडा कुठून आला.

पायरी २: वाणसामानाची यादी तपासा

डाएट चार्ट लावण्याआधी मागच्या महिन्याचं किराणा बिल काढा. घरात खरोखर काय खाल्लं जातं ते त्या कागदावर असतं. मी त्यातल्या तीनच ओळींखाली पेनने रेघा ओढल्या: साखर, तेल आणि बिस्कीट-फरसाण.

*साखर.* जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवता आली तर उत्तम. चहाचा एक सपाट चमचा म्हणजे साधारण ५ ग्रॅम. चार कप चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम नुसत्या चहातून गेली. चार माणसांच्या घरात २५ ग्रॅमच्या हिशेबाने महिन्याला तीन किलो होतात, पण बिस्किटातली, सॉसमधली, सरबतातली साखर बिलात साखर म्हणून दिसत नाही. म्हणून मी डब्यातल्या साखरेची मर्यादा दोन किलोवर आणली. गूळ आणि मधही याच हिशेबात धरा. गुळाचा चहा घेतला म्हणून साखर टळली असं होत नाही.

चहा एकदम बिनसाखरेचा करायला जाऊ नका, आठवड्याभरात माघार घ्याल. पहिल्या आठवड्यात दोनाचा दीड चमचा, पुढच्या आठवड्यात एक, मग अर्धा. आलं किंवा गवती चहा जास्त घाला. महिन्याभरात जीभ बदलते, आणि मग पाहुण्यांकडचा चहा पाक प्यायल्यासारखा लागतो.

*तेल.* आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या नमुना ताटात दोन हजार कॅलरींमागे २७ ग्रॅम तेल-तूप आहे. चार मोठ्या माणसांना महिन्याला तूप धरून साधारण साडेतीन लिटर. आमच्याकडे सहा लिटर लागत होतं.

किती तेल याइतकंच महत्त्वाचं आहे त्या तेलाचं आपण काय करतो. वडे तळून उरलेलं तेल गाळून ठेवायचं आणि पुढच्या रविवारी त्यातच पुऱ्या काढायच्या, ही बचत आपल्या आयांनी शिकवली. पण पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक संयुगं वाढत जातात. खाद्य व्यवसायांसाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून ही ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल वापरायला बंदी घातली. घरी मोजायचं यंत्र नाही, पण डोळे आणि नाक आहे. तेल काळपट झालं, दाट झालं, फेस धरू लागलं किंवा पूर्वीपेक्षा लवकर धुरावू लागलं तर टाकून द्या. त्याहून बरं म्हणजे छोट्या कढईत थोडंच तेल घ्या आणि उरलेलं दोन-तीन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळणीला नको. पापड भाजा.

कोणतं तेल, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. शेंगदाणा, तीळ, मोहरी, करडई, यांतलं कोणतंही चालेल, आलटून-पालटून वापरा. करडई-सूर्यफुलात ओमेगा-६ हे स्निग्धाम्ल जास्त म्हणून ती दाह वाढवतात असं सर्रास सांगितलं जातं, पण माणसांवरच्या चाचण्यांत तसं दिसलेलं नाही. वनस्पती तूप मात्र घरात आणूच नका. २०२२ पासून खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅट या घातक चरबीवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी खारी, नानकटाई, बेकरीचे टोस्ट यांच्यात मैदा, साखर आणि हलक्या प्रतीचं तूप एकत्र येतं.

*बिस्कीट-फरसाण.* घरात असलं की खाल्लं जातं. म्हणून आणायचंच नाही. त्या डब्यात भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि कुरमुरे भरून ठेवा.

पायरी ३: रोज ३० ग्रॅम तंतू (फायबर)

काढून टाकण्याइतकंच काय घालायचं तेही महत्त्वाचं. आतड्यातले चांगले जिवाणू आपण पचवू न शकलेल्या तंतूंवर जगतात आणि त्यांपासून ब्युटिरेटसारखी आम्लं बनवतात. ती आतड्याच्या अस्तराला पोसतात आणि दाह शमवतात. तंतू मिळाले नाहीत की जिवाणू उपाशी राहतात, अस्तर कमकुवत होतं, आतले जंतूंचे अंश रक्तात झिरपतात आणि यंत्रणा सावध राहते ती राहतेच.

शंभर ग्रॅम ज्वारी, बाजरी किंवा नाचणीत १० ते ११ ग्रॅम तंतू असतात. पॉलिश केलेल्या तांदळात आणि मैद्यात तिनाच्या आत. गव्हाची कणीकही ज्वारीच्या बरोबरीची असते, फक्त चाळून कोंडा फेकू नका. आता एक दिवसाचा हिशेब मांडू: दोन ज्वारीच्या भाकऱ्यांतून दहा-अकरा, वाटीभर मटकीच्या उसळीतून पाच, पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबीर मिळून दहाच्या आसपास, एका पेरूतून पाचाच्या पुढे. तीस झाले. यात एकही पदार्थ परदेशातून आलेला नाही, की डबाबंद नाही.

एक इशारा: उसळी आणि भाकरी एका दिवसात दुप्पट कराल तर पोट फुगेल आणि घरचे वैतागतील. दोन-तीन आठवडे घेऊन वाढवा, कडधान्यं रात्रभर भिजवून मोड आणा, पाणी जास्त प्या.

जेवणात ताक किंवा घरच्या विरजणाचं दही ठेवा. स्टॅनफर्डमध्ये २०२१ साली ३६ निरोगी माणसांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. माणसं थोडी होती हे खरं, पण ताक प्यायला त्याहून मोठा पुरावा कशाला हवा.

पायरी ४: जवसाची चटणी आणि बांगडा

ओमेगा-३ ही स्निग्धाम्लं दाह आवरतात. शाकाहारी घरात त्यांचा सगळ्यात स्वस्त स्रोत विदर्भात पिकतो: जवस. पण अख्खं जवस गिळलं तर टरफलासकट तसंच बाहेर पडतं. ते कुटायलाच हवं.

मी करते ती पद्धत. एक वाटी जवस निवडून घ्या, त्यात बारीक खडे असतात. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर हलवत राहा. आधी काही होत नाही असं वाटतं, मग एकदम तडतडू लागतं आणि खमंग वास सुटतो. तेवढ्यावरच गॅस बंद करा, दोन मिनिटं जास्त झाली की कडवट होतं. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. त्याच कढईत कढीपत्ता कुरकुरीत करून घ्या. मग जवस, कढीपत्ता, लसणाच्या आठ-दहा पाकळ्या, लाल तिखट, मीठ आणि चार सुकी आमसुलं मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. चटणी जाडसरच हवी.

ती दहा दिवसांचीच करा आणि काचेच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा, कारण कुटलेलं जवस लवकर खवट होतं. रोज माणशी दोन चहाचे चमचे भाकरीवर किंवा भातावर. तेवढ्यातून साधारण एक ग्रॅम ओमेगा-३ मिळतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

वनस्पतीतलं ओमेगा-३ शरीर थोडंच आपल्या कामाच्या रूपात बदलू शकतं. मासे खाणाऱ्यांना ते थेट मिळतं, आणि त्यासाठी महागड्या सामनची गरज नाही. बांगडा आणि तारली हेच खरे तेलकट मासे. आठवड्यातून दोनदा खा, पण रव्यात घोळून तळण्याऐवजी तिखलं किंवा कोकम घातलेलं कालवण करा. पापलेट चविष्ट आहे, या कामात मात्र तो बांगड्यापुढे कमी पडतो.

उपवासाबद्दल थोडं

साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. त्यात बटाटा, वरून तूप, संध्याकाळी तळलेले वडे आणि वेफर्स: हा उपवास शरीराला सणाच्या दिवसापेक्षा जड जातो. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, उकडलेलं रताळं, काकडीची कोशिंबीर आणि ताक हे सगळं उपवासाला चालतं. श्रद्धेला कुठेही धक्का लागत नाही.

हळदीचं खरं काय

१९९५ साली अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं आणि डॉ. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने लढून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. त्याचा अभिमान मलाही आहे. पण जखमेवरचा लेप वेगळा आणि रोजच्या जेवणातून मंद दाह घालवणं वेगळं.

हळदीत कर्क्युमिन हा तिचा गुणकारी घटक साधारण ३ टक्के, आणि ते रक्तात फार थोडं उतरतं. मिऱ्यासोबत घेतलं की वीसपट शोषलं जातं असं सांगतात. ते १९९८ च्या बंगळुरूच्या अभ्यासातून आलं आहे, पण त्यात लोकांना दोन ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं. तेवढ्यासाठी घरची हळद साठ-सत्तर ग्रॅम लागेल, तर आपण भाजीत घालतो अर्धा चमचा. तेव्हा फोडणीत हळद घालत राहा, शक्य असेल तर सांगलीची हळकुंडं आणून दळून घ्या म्हणजे भेसळीची चिंता नाही. गोळ्या मात्र मनाने घेऊ नका. जास्त शोषली जाणारी कर्क्युमिनची औषधं घेऊन यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत.

पायरी ५: शतपावली आणि स्नायू

स्नायू काम करतात तेव्हा तेही इंटरल्युकिन-६ सोडतात, पण त्या वेळी तेच रसायन दाह शमवणाऱ्या साखळीला चालना देतं. म्हणजे चरबीतून सतत पाझरणारा जो पदार्थ त्रास देतो, तोच चालण्यातून थोडा वेळ आला की उपकार करतो. मला हे कळलं त्या दिवसापासून चालणं चुकलं की चुटपुट लागते.

रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला, जेवणानंतर चढणारी साखर त्याने आटोक्यात राहते. याखेरीज आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आठवड्यातून दोनदा स्नायूंना जोर पडेल असं काही: बैठका, भिंतीला टेकून जोर. दिवसातून एक जेवण जमिनीवर मांडी घालून करा आणि उठताना हात टेकू नका, गुडघे साथ देत असतील तर. ऑफिसात बसून काम असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने पाणी प्यायला उठा.

पायरी ६: झोप

ही पायरी मला सगळ्यात कठीण गेली. रात्री साडेनऊला जेवण, मग मालिका, मग मोबाइल, साडेबाराला डोळा लागायचा आणि साडेपाचला दुधवाल्याची बेल. पाच तासांची झोप रोजची झाली की दाहाची रसायनं वाढतात आणि दुसऱ्या दिवशी गोडाची ओढही वाढते, त्यामुळे पायरी २ आपोआप कोसळते. मी जेवण आठवर आणलं आणि फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावू लागले. सात तास हवेतच.

घरात कुणी मोठ्याने घोरत असेल, मध्येच श्वास अडकून दचकून जागं होत असेल, तर त्याला "गाढ झोपतो" म्हणू नका. तो स्लीप ॲप्निया असू शकतो, त्याची तपासणी करून घ्या.

पायरी ७: हिरड्या, तंबाखू, धूर

दात घासताना रक्त येतं? ती हिरड्यांची सूज आहे, आणि तोंडातला हा दाह तोंडापुरता राहत नाही. रात्री झोपण्यापूर्वी ब्रश करा, वर्षातून एकदा दात साफ करून घ्या. मिश्रीबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. आपल्या गावांतल्या किती आया-मावश्या ती दातांचं औषध समजून दिवसातून चार वेळा लावतात. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. त्यांना ओरडू नका, सोबत घेऊन दंतवैद्याकडे जा. सिगारेट आणि गुटख्याबद्दल वेगळं सांगायला नको. दारू जितकी कमी तितकी बरी.

चुलीचा, उदबत्तीचा, धुपाचा धूर बंद खोलीत कोंडू देऊ नका. देवघराची खिडकी उघडी ठेवा.

चाचणी कधी, डॉक्टर कधी

एचएस-सीआरपी लिटरला १ मिलिग्रॅमच्या खाली चांगला, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर गेला तर बहुधा संसर्ग किंवा दुसरा आजार असतो, तो शोधावा लागतो. सर्दी, ताप, दातदुखी, लसीकरण यानंतर दोन-तीन आठवडे ही चाचणी करू नका.

सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ बोटं आखडलेली राहत असतील, सांधा सुजून गरम लागत असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, शौचातून रक्त जात असेल, बारीक ताप रेंगाळत असेल, तर चटणी-भाकरीवर विसंबून थांबू नका. आमवातासारख्या आजारात पहिले काही महिने मोलाचे असतात, तेव्हा औषध उशिरा सुरू झालं तर सांधे कायमचे वाकतात. आणि चालू असलेली कोणतीही गोळी हा लेख वाचून बंद करू नका.

माझा घेर दहा महिन्यांत ८९ वरून ८३ वर आला, सीआरपी १.६ झाला. ८० अजून लांब आहे. मोजणं विसरू नये म्हणून मी संकष्टीचा दिवस धरला आहे. त्या सकाळी चहाच्या आधी टेप काढते, आकडा दिनदर्शिकेवर त्याच चौकोनात लिहिते आणि मग भगर धुवायला घेते.